महानदीचा पूर, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि आपला गोदाकाठ

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पाणी असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे २० मार्च १९२७ चे महाडचे चवदार तळे उभे राहते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यानंतर अठरा वर्षांनी हेच बाबासाहेब नद्यांचे पूर, धरणे, कालवे आणि वीज यांचा विचार देशाच्या पातळीवर करीत होते, याची माहिती आपल्यापैकी अनेकांना नसते. परभणी जिल्ह्यातील वाचकांना तर या इतिहासाचे विशेष महत्त्व आहे. म्हणून त्याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते. जुलै १९४३ मध्ये बंगालमध्ये दामोदर नदीचा बांध फुटला, रेल्वे व मुख्य रस्ता तुटला आणि ऐन महायुद्धाच्या काळात कलकत्त्याचा संपर्क खंडित झाला. या आपत्तीतून दामोदर खोऱ्याच्या योजनेचा विचार पुढे आला. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यास भरलेल्या परिषदेत बाबासाहेबांनी केवळ पूर अडविणारी नव्हे, तर सिंचन, वीज व जलवाहतूक साधणारी बहुउद्देशीय योजना मांडली. त्याच वर्षी केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. पुढे १९४८ च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले.

याहून बिकट प्रश्न ओरिसाचा होता. महानदी, ब्राह्मणी आणि वैतरणी या नद्यांनी समुद्रालगत सपाट, सखल त्रिभुजप्रदेश निर्माण केला आहे. तेथे उतार अल्प असल्यामुळे पाणी लवकर वाहून जात नाही. गावे वाचविण्यासाठी काठाने बांध घालावेत, तर शेतांवर पसरणारा गाळ पात्रातच साचतो आणि पात्र उंचावते. मग बांधही उंच करावा लागतो, आणि असा उंच बांध फुटला म्हणजे पूर्वीपेक्षा मोठा विध्वंस होतो. एकोणिसाव्या शतकापासून तेथे बांध आणि कालवे झाले, १९२८ मध्ये पूरसमिती नेमली गेली, पुढे विश्वेश्वरय्या यांनीही पाहणी केली. तरी पूर थांबले नाहीत.

८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथील परिषदेत बाबासाहेबांनी या अपयशाच्या मुळावरच बोट ठेवले. पूर्वीच्या समित्यांनी पाणी हे संकट मानले आणि ते लवकरात लवकर समुद्रात कसे लोटावे, एवढाच विचार केला. बाबासाहेबांचे म्हणणे याच्या उलट होते. अतिपाण्यापेक्षा पाण्याच्या अभावाने माणसाचे अधिक हाल होतात. म्हणून पाणी लोटून न देता वरच्या भागातच जलाशयांत साठवावे, असे त्यांनी प्रतिपादन केले. एकाच वर्षी पूर आणि टंचाई या दोहोंनी गांजणाऱ्या प्रदेशाला हा विचार नवा होता. १९४६ मध्ये हिराकुड धरणाची पायाभरणी झाली आणि १३ जानेवारी १९५७ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. ते पाहण्यास बाबासाहेब हयात नव्हते.

तथापि इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. हिराकुडमुळे त्रिभुजप्रदेशास संरक्षण मिळाले. पण संबळपूरकडील लाखाच्या वर माणसांची घरे व शेते पाण्याखाली गेली. शिवाय १९८२ आणि २०११ साली महानदीस मोठे पूर आलेच. याचे एक कारण बहुउद्देशीय धरणाच्या स्वरूपातच आहे. पूर सामावून घेण्यासाठी जलाशय रिकामा असावा लागतो, तर सिंचनासाठी आणि विजेसाठी तो भरलेला हवा असतो. या दोन गरजांचा मेळ घालणारी सक्षम नदीव्यवस्था नसेल, तर धरण असूनही पूर येतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. परभणीत त्रिभुजप्रदेश नाही. गोदावरीचा त्रिभुजप्रदेश दूर आंध्रात, राजमहेंद्रीच्या खाली आहे. परंतु पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा या तालुक्यांतील काठची गावे सखल आहेत, आणि पूर्णा नदी आपल्याच जिल्ह्यात गोदावरीस मिळते. पूर्णेवर येलदरी धरण झाले. पैठणच्या जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांनी केली, तर १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याने परभणीची शेती ओलिताखाली आली. मराठवाड्याला दुष्काळाचे भय मोठे, म्हणून जायकवाडी भरून घेण्याकडे ओढ असते. धरण भरल्यावर वर पाऊस झाला की दरवाजे उघडतात आणि पाणी गोदाकाठी येते. ऑगस्ट २००६ मध्ये हे आपण अनुभवले, आणि सप्टेंबर २०२५ मध्येही.

येथे एक प्रश्न आपल्या समाजाने विचारला पाहिजे. पूर ओसरल्यावर पंचनामा होतो आणि पिकाची मदत हेक्टरी मोजली जाते. ज्याच्या नावे सातबारा आहे, त्याचे नुकसान कागदावर येते. परंतु काढणीचा हंगाम बुडाल्याने ज्या भूमिहीनाची मजुरी गेली, त्याची नोंद कोठे होते? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ व १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले. तरीही गायरान कसणारी अनेक कुटुंबे आजवर सातबाऱ्याविना आहेत. त्यांचे पीक वाहून गेले, तरी कागदाच्या दृष्टीने तेथे पीकच नव्हते.

१९२७ मध्ये बाबासाहेबांनी विचारले, पाण्यावर हक्क कोणाचा? १९४५ मध्ये त्यांनी विचारले, पाण्याचे नियोजन कोणी व कसे करावे? हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. जलाशयाचे वेळापत्रक ठरविताना गंगाखेडच्या सखल वस्तीचा विचार होत नसेल आणि पंचनाम्यात मजुराला रकाना नसेल, तर धरणे झाली तरी बाबासाहेबांचे जलधोरण अपुरेच राहिले, असे म्हणावे लागते. ते पूर्ण करण्याची मागणी ग्रामसभेत आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी स्वरूपात, नावानिशी करीत राहणे हे आपले काम आहे.