संहिता नव्हती, तेव्हा तालीम कशाची?

आमच्या कुपवाडात कोणी ‘तालमीला जातो’ म्हणाला, तर ऐकणारा आधी त्याच्या दंडाकडे पाहतो. सांगलीत नाट्यगृहाच्या आवारात तेच वाक्य उच्चारले, तर विचारणा होते, ‘नाटक कोणते?’ मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘शिकवणे’ असा आहे; मराठीने तो मल्लाला आणि नटाला सारखाच बहाल केला. (इंग्रजी ‘रिहर्सल’च्या मुळाशी जुन्या फ्रेंचमधील ‘पुन्हा कुळव फिरवणे’ ही क्रिया आहे. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला हा अर्थ निराळा समजावून सांगावा लागणार नाही.)

५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. ही तारीख आपणा सर्वांना पाठ असते. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी भाव्यांना मराठीत तसा प्रयोग रचण्यास सांगितले, हेही आपण वाचलेले असते. परंतु त्या प्रयोगाची पूर्वतयारी कशी झाली असेल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तो विचारताच अडचण उभी राहते. पात्रांची भाषणे लिहिलेलीच नव्हती. भाव्यांनी रचली ती पदे, आणि ती गाणारा सूत्रधार. पदातून प्रसंग उभा राहिला की त्या अर्थाचे भाषण पात्राने स्वतःच्या शब्दांत, आयत्या वेळी करावयाचे.

यावरून ‘तेव्हा तयारी नसे, सारे उत्स्फूर्त असे’ असा निष्कर्ष काढला जातो. मला तो मान्य नाही. पद संपले कोठे, आपण बोलावयाचे किती, थांबावयाचे कोणत्या शब्दावर म्हणजे सूत्रधाराला पुढचे पद उचलता येईल, हे न ठरवता प्रयोग उभा राहूच शकत नाही. शिवाय गणपती-सरस्वतीचे प्रवेश, विदूषकाची थट्टा, राक्षसाची आरोळी आणि युद्धातील पवित्रे ही तर शरीराला वळण लावण्याचीच कामे. तेथे नटाची तालीम मल्लाच्या तालमीपासून फार दूर नव्हती. पाठांतर एकट्याने होते. हे काम मात्र चौघे एकत्र आल्याशिवाय होत नाही.

दुःख एवढेच, की यातील फारच थोडे कागदावर उरले. १८८५ मध्ये भाव्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ प्रसिद्ध झाला, त्यात पदे आहेत. नटांनी रात्रीमागून रात्री जे गद्य घडवले, ते त्यांच्याबरोबरच गेले. मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या नावांनी लिहितो, त्याचे एक कारण हेही आहे.

१८६१ मध्ये विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ आले आणि ‘बुकिश’ नाटकांचा काळ सुरू झाला. आता शब्द आधी आणि नट नंतर. पाठांतराचे ओझे वाढले. पण पाठ केलेले वाक्य आताच सुचल्यासारखे कसे बोलावे, हा नवाच पेच पडला.

तो सोडवणारा माणूस पुन्हा आपल्याच परिसरातला निघाला. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल. ‘शारदा’चे नाटककार म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत, नाटक मंडळ्यांत मात्र त्यांचा दबदबा होता तो तालीममास्तर म्हणून. १९०५ मध्ये किर्लोस्कर मंडळीत दाखल झालेल्या नारायण राजहंस नावाच्या तरुणाला, म्हणजे पुढच्या बालगंधर्वांना, अभिनयाचे धडे दिले ते देवलांनीच.