घराला सीसीटीव्ही स्वतः बसवताना : सातारा-सांगलीच्या कुटुंबांसाठी माहिती

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बंद घरं पुष्कळ आहेत. माण-खटावची मुलं मुंबई-पुण्यात, विट्याकडची गलाई व्यवसायातली कुटुंबं परराज्यांत, कोणी दुबई-सौदीला. मागे राहतात अब्बा-अम्मी, नाहीतर नुसतं कुलूप. रमजानमध्ये तरावीहच्या वेळी घरातले पुरुष मशिदीत असतात, उमराहला निघालं तर पंधरा-वीस दिवस घर रिकामं राहतं. त्यामुळे "कॅमेरा कोणता घ्यावा?" हा प्रश्न आता घराघरांत आहे.

चोरी हे एकच कारण नाही. १० सप्टेंबर २०२३ रोजी खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत जमावाने मशिदीवर हल्ला केला आणि एका तरुणाचा जीव गेला. कॅमेरा जमावाला अडवत नाही. पण नंतर कोण होतं आणि कोण नव्हतं, हे ठरवताना नीट ठेवलेलं चित्रीकरण दोषीलाही दाखवतं आणि निर्दोषालाही वाचवतं.

म्हणून कॅमेरा घेण्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात : कॅमेरा काय पाहणार, चित्रीकरण कुठे राहणार आणि ते कोण बघणार. कंपनी आणि किंमत त्यानंतर.

कोणती पद्धत घ्यावी?

१) वाय-फाय कॅमेरा : एक-दोन खोल्यांचं घर किंवा फ्लॅट असेल तर हा पुरतो. साधारण दीड ते तीन हजारांत मिळतो. चित्रीकरण त्याच्यातल्या मेमरी कार्डवर होतं. बसवायला सोपा, पण चोराने कॅमेराच उचलून नेला तर कार्डही जातं. जुन्या वाड्यांच्या दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंतींतून वाय-फाय नीट जात नाही, हेही लक्षात घ्यावं. असे कॅमेरे बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. राउटरमध्ये तो पर्याय सुरू असला पाहिजे.

२) डीव्हीआर आणि वायरचे कॅमेरे : स्वतंत्र घर, दुकान, वर्कशॉप यांसाठी हीच पद्धत भरवशाची. इंटरनेट बंद पडलं तरी रेकॉर्डिंग चालू राहतं. चार कॅमेऱ्यांचा संच दहा ते पंधरा हजारांच्या आसपास जातो. हार्ड डिस्क आणि वायर कोणती घेता त्यावर आकडा वर-खाली होतो.

३) एनव्हीआर आणि आयपी कॅमेरे : चित्र जास्त स्पष्ट. एकाच नेटवर्क केबलमधून वीज आणि चित्र दोन्ही जातं, केबल १०० मीटरपर्यंत नेता येते. खर्च जास्त. मोठं घर, मदरसा, शाळा यांना योग्य.

४) सिमकार्डवर चालणारा फोर-जी कॅमेरा : विहीर, द्राक्षबाग, गोठा अशा ठिकाणी, जिथे वाय-फाय नाही. सोबत सोलर पॅनेल मिळतं. आधी त्या जागी फोन नेऊन रेंज बघावी, मगच पैसे घालावेत.

खरेदी करताना बीआयएसचं चिन्ह आणि "आर" ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघावा. इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या कॅमेऱ्यांची सुरक्षा-चाचणी केंद्र सरकारने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली आहे. बिल जरूर घ्यावं. पुढे पुराव्याचा प्रश्न आला की तेही कामाला येतं.

कॅमेरा कुठे लावायचा?

सगळ्यांत जास्त गडबड इथेच होते. उंच गच्चीवर कॅमेरा लावला की सगळी गल्ली दिसते, पण चोराची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. चेहरा हवा असेल तर दाराजवळचा कॅमेरा आठ-नऊ फुटांवर, किंचित खाली झुकवून लावावा.

लेन्सचा हिशेबही समजून घ्यावा. अनोळखी माणसाचा चेहरा ओळखायचा तर चित्रात प्रत्येक मीटर रुंदीला २५० पिक्सेल असावेत, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. दोन मेगापिक्सेलच्या चित्राची रुंदी १,९२० पिक्सेल असते. म्हणजे चित्रात साडेसात मीटरपेक्षा जास्त रुंद जागा आली की चेहरा पुसट होत जातो. ढोबळ मानाने २.८ मिमी लेन्स दहा फुटांपर्यंत, ३.६ मिमी तेरा-चौदा फुटांपर्यंत आणि ६ मिमी पंचवीस फुटांपर्यंत चेहरा नीट देते. दारासाठी ३.६ आणि लांब बोळासाठी ६ घ्यावी. अंगणाची नुसती हालचाल बघायची तर २.८ पुरते.

रात्रीसाठी आणखी दोन गोष्टी. कॅमेऱ्यासमोर जवळच चुना मारलेली भिंत असेल तर इन्फ्रारेडचा उजेड परत येतो आणि सगळं पांढरं दिसतं. कॅमेऱ्यावर कोळ्याचं जाळं झालं की तेच चमकत राहतं. महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसावं.

बसवण्याची पद्धत

१) आधी कागदावर घराचा नकाशा काढा. दारं, खिडक्या, मागची भिंत, जिना यांवर खुणा करा. मधल्या घराला दोन-तीन कॅमेरे पुरतात.

२) भिंतीला भोक पाडण्याआधी सगळं सामान टेबलावर जोडून चालवून बघा. खराब कॅमेरा शिडीवर चढल्यावर कळला तर दुप्पट त्रास.

३) वायर थ्री-प्लस-वन घ्यावी आणि तांब्याचीच घ्यावी. स्वस्त वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. लांब अंतरावर त्यात व्होल्टेज पडतं. दिवसा कॅमेरा चालतो आणि रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो. असं होत असेल तर कॅमेऱ्यावर शंका घेण्याआधी वायर तपासा.

४) चार कॅमेऱ्यांना १२ व्होल्ट, ५ अँपिअरचा पॉवर सप्लाय पुरतो. चित्राच्या टोकाला बीएनसी पिन आणि विजेच्या टोकाला डीसी पिन लागते.

५) ड्रिल करण्याआधी मेन स्विच बंद करा आणि भिंतीतल्या वायरिंगचा अंदाज घ्या. शिडी धरायला एक माणूस हवाच. महावितरणची तार जवळून जात असेल तर ते काम वायरमनलाच द्या. स्वतः करण्याचा हट्ट तिथे नको.

६) बाहेरचा कॅमेरा आयपी-६६ किंवा आयपी-६७ दर्जाचा घ्यावा. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या पावसात त्याहून कमी टिकत नाही. वायरीचे जोड प्लॅस्टिकच्या बंद डब्यात ठेवावेत. वायर भिंतीत शिरते तिथे आधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे पाणी आत न जाता तिथूनच ठिबकून जातं.

७) वळवाच्या पावसात विजा फार होतात. गडगडाट सुरू झाला की पॉवर सप्लाय आणि इंटरनेटची वायर दोन्ही काढून ठेवलेली बरी. लोडशेडिंगसाठी डीव्हीआर आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता डीव्हीआर घेतला तर रेकॉर्डिंग होईल, पण परगावी मोबाइलवर काही दिसणार नाही.

८) शेवटी तारीख आणि वेळ मोबाइलशी जुळवा. साधी वाटणारी ही गोष्ट पुढे सगळ्यांत महत्त्वाची ठरते.

चित्रीकरण किती दिवस राहतं?

दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा एच-२६५ पद्धतीत, सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने, दिवसाला साधारण ११ जीबी जागा घेतो. चार कॅमेरे म्हणजे ४३-४४ जीबी. एक टीबीची हार्ड डिस्क तीन आठवडे पुरते. वेग दुप्पट केला तर दहा-अकरा दिवस. त्यानंतर जुनं आपोआप पुसलं जातं. उमराहला वीस दिवस जाणाऱ्याने हा हिशेब आधीच करावा. हार्ड डिस्क सीसीटीव्हीसाठी बनवलेलीच घ्यावी. संगणकाची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठी केलेली नसते.

डीव्हीआर टीव्हीशेजारी ठेवू नये. सराईत चोर पहिल्यांदा तोच काढून नेतो. तो माळ्यावर किंवा कुलपाच्या कपाटात ठेवावा, मात्र हवा खेळती हवी. कृष्णाकाठच्या घरांना तर उंच जागेचं दुसरंही कारण आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाण्याची धोका पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं आणि २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. घर सोडून जावं लागतं तेव्हाच घराची काळजी जास्त असते, आणि नेमका तेव्हाच तळमजल्यावरचा डीव्हीआर पाण्यात जातो. पुरात वीजही तोडली जाते, म्हणून कॅमेऱ्याच्या भरवशावर मौल्यवान सामान आणि कागदपत्रं मागे ठेवू नयेत.

पासवर्ड : खरं कुलूप हेच

२०१६ मध्ये "मिराई" नावाच्या व्हायरसने जगभरातले कंपनीचा पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले होते. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रीकरण इंटरनेटवर विकलं जात असल्याचं उघडकीला आलं. सुरुवातीला अटक झालेल्या तिघांत एक जण लातूरचा आणि एक सांगलीचा होता. तिथला पासवर्ड "ॲडमिन१२३" असा होता, असं पुढे बातम्यांत आलं.

म्हणून पहिल्याच दिवशी पासवर्ड बदला. वायरमनने ॲप चालू करून दिलं असेल तर तो गेल्यावर पुन्हा बदला. मुख्य खातं घरातल्याच माणसाच्या मोबाइल नंबरवर असू द्या. परगावच्या मुलाला पासवर्ड न देता ॲपमधल्या "शेअर" पर्यायातून फक्त बघण्याची परवानगी द्या. जुना मोबाइल विकताना ॲपमधून बाहेर पडा. सॉफ्टवेअरचं अपडेट आलं की करून टाका.

शेजाऱ्याचं दार आणि आपल्या घरातल्या बायका

साताऱ्याच्या पेठा असोत, सदर बझार असो की सांगलीचा खणभाग, बोळ अरुंद आहेत. आपला कॅमेरा सहज समोरच्या अंगणात, न्हाणीच्या दारात, वुजूच्या जागेवर जातो. दुसऱ्याच्या घरात परवानगीशिवाय शिरू नये आणि लोकांचे दोष शोधत फिरू नये, ही शिकवण आपल्याला सूरह नूर आणि सूरह हुजुरातमधून मिळाली आहे. कॅमेऱ्याची नजर ही आपलीच नजर आहे. बहुतेक डीव्हीआरमध्ये "प्रायव्हसी मास्क" असतो. त्याने शेजाऱ्याची खिडकी काळ्या चौकोनाने झाकता येते. ती झाकून शेजाऱ्याला एकदा बोलावून पडद्यावर दाखवा. भांडण सुरू होण्याआधीच मिटतं.

कायदाही हेच सांगतो. खासगी अवस्थेतल्या स्त्रीचं चित्रीकरण हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळेला एक ते तीन वर्षं शिक्षा आहे. एकत्र घरात राहणाऱ्या भावांनीही लक्षात ठेवावं : २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने सह-रहिवाशाच्या संमतीशिवाय घराच्या आत कॅमेरे चालवायला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. झोपायची खोली, न्हाणी, कपडे बदलायची जागा इथे कॅमेरा नकोच. बैठकीत लावायचा असेल तर घरातल्या बायका-मुलींना विचारून. दारावर "सीसीटीव्ही चालू आहे" अशी पाटी लावा. पाहुण्यालाही कळतं आणि चोरालाही.

काही घडलं तर

पहिल्यांदा ११२ वर फोन करा. मग लगेच चित्रीकरणाची प्रत पेन ड्राइव्हवर काढा, कारण दिवस गेले की ते पुसलं जातं. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ घेणं म्हणजे प्रत नव्हे. डीव्हीआरची वेळ खऱ्या वेळेपेक्षा किती पुढे-मागे आहे ते लिहून ठेवा. डीव्हीआरमधलं मूळ चित्रीकरण पुसू नका, काटछाट करू नका. पोलिसांनी डीव्हीआर नेला तर पंचनाम्याची प्रत मागा. पेन ड्राइव्ह दिला तर पोच घ्या.

न्यायालयात अशा प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात ते आवश्यक असल्याचं सांगितलं. तिथेही वाद व्हिडिओ चित्रीकरणाचाच होता. मूळ उपकरणच न्यायालयात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, असंही त्या निकालात आहे. १ जुलै २०२४ पासून हा विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक उपकरण सांभाळणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. त्यात फाइलची "हॅश व्हॅल्यू" लिहावी लागते. फाइलमध्ये काडीचाही बदल झाला तर हा आकडा बदलतो. यासाठी वकिलांची मदत घ्या.

आणि एक कळकळीची विनंती. "हा संशयित दिसतोय, सावध राहा" असं लिहून कोणाचंही चित्रीकरण व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून पाच जणांना ठेचून मारलं गेलं. सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी, चार साधूंना त्याच संशयावरून मारहाण झाली. अफवेची झळ काय असते हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको. चित्रीकरण पोलिसांना द्या, ग्रुपला नाही.

दर महिन्याला पाच मिनिटं

• चारही कॅमेऱ्यांचं चित्र दिवसा आणि रात्री बघा.
• मागच्या आठवड्यातलं एखादं रेकॉर्डिंग चालवून बघा. हार्ड डिस्क बंद पडलेली असते आणि समोरचं चित्र मात्र व्यवस्थित दिसत असतं.
• तारीख-वेळ तपासा.
• लेन्स आणि जाळी पुसा.
• घरातल्या आणखी एका माणसाला, शक्यतो अम्मींना किंवा मुलीला, प्रत कशी काढायची ते शिकवून ठेवा.

कडी-कोयंडा मजबूत, अंगणात दिवा आणि शेजाऱ्याशी बोलणं-चालणं हे आधी. कॅमेरा त्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.