जीपचा पहिला धनी

लखनौच्या इंदिरा नगरात वास्तव्य करणाऱ्या मराठी माणसास मोटारींचा इतिहास वाचण्यासाठी ग्रंथालयात जावयास नको. सायंकाळी मुन्शी पुलियाच्या चौकात घटकाभर उभे राहावे. नाशिकच्या कारखान्यातून आलेली उंच बांध्याची थार तेथे उभी असते; तिच्या रुंद चाकांना चिखल ठाऊक नसतो. तिच्यामागे एखाद्या खात्याची पांढरी बोलेरो असते. आणि या दोघींना ओलांडून विटांनी भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली खडखडत निघून जाते. नित्य चिखल तुडवणारे वाहन या तिहींपैकी शेवटचे. असे का व्हावे?

चारही चाकांना इंजिनाची ओढ देणारी गाडी कोणत्या देशास कशी आवडावी, हे तेथील भूमीवरून ठरते असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. त्या गाडीस त्या देशात पहिला धनी कोण लाभला, आणि त्या वेळी तेथे कशाची टंचाई होती, यांवर पुढील आवड बहुतांशी ठरली, असे इतिहास सांगतो.

या सर्व गाड्यांची आई एकच. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. युद्ध संपले आणि तिची लेकरे निरनिराळ्या घरी वाढू लागली. ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स हे अँगलसी बेटावरील आपल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरीत. तिच्या जागी आपली गाडी असावी या विचारातून १९४८ साली लँड रोव्हर जन्मास आली. पोलादावर नियंत्रण असल्यामुळे तिचे अंग अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले गेले. टंचाईतून आलेली ही युक्ती पुढे तिचे कुललक्षण ठरली.

जपानमध्ये पहिला धनी म्हणून पोलीस खाते पुढे आले. कोरियाचे युद्ध पेटल्यावर टोयोटाने १९५१ साली जीपसारखी एक गाडी तयार केली व ती फुजी पर्वताच्या सहाव्या टप्प्यापर्यंत चढवून दाखविली. तेव्हा पोलिसांनी २८९ गाड्यांची मागणी नोंदविली. 'जीप' हे नाव दुसऱ्याच्या मालकीचे असल्याने १९५४ साली तिचे 'लँड क्रूझर' असे नामकरण झाले.

अमेरिकेत धनी होता शेतकरी. १९४६ साली डॉजने सैन्याच्या ट्रकवरून 'पॉवर वॅगन' घडविली. पेट्रोल स्वस्त, अंतरे अफाट. तेव्हा गाडी मोठी झाली यात नवल नाही. पण पुढे तिच्या वाढीस एक कोंबडीही कारण झाली! युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर जकात वाढविली, आणि त्याचे उट्टे म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसविली. इतर वस्तूंवरील असा कर कालांतराने गेला, ट्रकांवरील राहिला. परदेशच्या आटोपशीर ट्रकांना दार जवळजवळ बंद झाले आणि देशी ट्रक निर्धास्तपणे वाढत गेले. तेथे 'ट्रक' म्हणजे कुटुंबाची गाडी. आपल्याकडे 'ट्रक' म्हटले की 'हॉर्न प्लीज'चा माल ट्रकच डोळ्यांपुढे येतो. शब्द एक, संसार दोन.

आता आपल्या घराकडे वळू. येथे पहिला धनी शेतकरी नव्हता, सरकार होते. १९४८ साली काश्मीरच्या लढाईसाठी जीपगाड्यांची इतकी निकड होती, की लंडनहून दोन हजार दुरुस्त केलेल्या गाड्यांचा करार झाला. आल्या १५५, त्याही निरुपयोगी. त्या प्रकरणावर १९५५ साली पडदा टाकणारे गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत हे आदल्या वर्षापर्यंत या लखनौसच मुख्यमंत्री होते. त्याच सुमारास मुंबईत माझगावी महिंद्रांनी विलिसचे सुटे भाग जोडून जीप उभी करण्यास आरंभ केला होता. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि जीप गटविकास अधिकाऱ्याच्या दारी आली. आपल्यांपैकी कित्येकांच्या वडिलांनी अशाच जीपमधून दौरे केले असतील, तिचे लॉगबुक भरले असेल. गावाच्या वेशीवर धुळीचा लोट दिसला की सरकार आले असे समजावे, हा त्या काळचा संकेत. गाडी गावात येई. गावाची मात्र ती नव्हती.

सैन्यासाठी जबलपूरने निसानच्या सहकार्याने जोंगा घडविली. मॅन कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक निघाले. तीही सरकारचीच गरज. शेतकऱ्याने बैलगाडी सोडली ती ट्रॅक्टरसाठी. १९६३ साली महिंद्रांनीच इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या सहकार्याने ट्रॅक्टरचा उद्योग उभारला. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल डोईजड झाले, तेव्हा त्याच ट्रॅक्टरच्या कुळातील डिझेल इंजिन जीपमध्ये बसविण्यात आले. आता कोठे ती सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

आणि मग गावाने काय केले, ते पाहण्याजोगे आहे. गावाने जीपची मागची बाजू लांबवून घेतली, बाके वाढविली, आणि पुढच्या चाकांची ओढ बहुधा नाकारली! पश्चिम महाराष्ट्रातील 'वडाप' हे त्याचेच रूप. त्या धन्यास डोंगर चढावयाचा नव्हता. दहा-बारा माणसे बाजाराला न्यावयाची होती. स्वतःच्या पैशाने निवड करावयाची संधी मिळताच त्याने चार चाकांऐवजी चार जागा अधिक मागितल्या.

शहराचीही निवड पुढे फारशी निराळी झाली नाही. २००६ पासून चार मीटरांहून आखूड व लहान इंजिनाच्या गाड्यांवर कर कमी झाला. २०२० ची थार ३,९८५ मिलिमीटर लांबीची निघाली, आणि २०२३ च्या जानेवारीत तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी, लहान इंजिनाची स्वस्त आवृत्ती आली. जीपचे रूप हवे, पण चौथ्या चाकाचा खर्च नको, हे या ग्राहकाचेही मन.

इंदिरा नगरापासून जवळच, चिनहटला, टाटांचा १९९२ साली उभा राहिलेला कारखाना आहे. तेथून बस व ट्रक बाहेर पडतात. त्याच टाटांकडे २००८ साली लँड रोव्हर आली. अँगलसीच्या शेतकऱ्याची गाडी आज एका भारतीय घराण्याच्या मालकीची आहे. भारतीय शेतकऱ्याची मात्र ती कधी झाली नाही, व होण्याचे चिन्हही नाही.

म्हणून एक विनंती. गाडी, रस्ता वा योजना यांच्या प्रस्तावावर सही करताना आपण विचारावे, की ही निवड कोणाच्या गरजेची आहे: आतमध्ये बसणाऱ्याच्या, की वेशीवर धुळीचा लोट पाहत उभ्या असणाऱ्याच्या? पावसाळ्यात घाघरेचे पाणी शेतांत शिरले म्हणजे आजही बाजेवरच्या बाळंतिणीला इस्पितळाकडे नेण्यास ट्रॉलीच जोडली जाते. आपल्या जीपगाड्या त्या वेळी कोठे उभ्या असतात, याचे उत्तर आपल्यालाच द्यावयाचे आहे.