निमित्त एक, परिणाम दोन : 'पॅनहार्मोनिकॉन' नावाच्या एका पत्त्याचा इतिहास

२०१६ च्या सप्टेंबरअखेर 'मॅजिक : द गॅदरिंग' या अमेरिकी पत्त्यांच्या खेळाचा एक नवा संच बाजारात आला. त्याचे नाव 'कलादेश'. भारतावर बेतलेले हे कल्पित जग होते. घिरापूर नावाची नगरी, पितळी नक्षीची यंत्रे, शोधकांची जत्रा, चंद्रा नलार ही नायिका आणि पिया ही तिची आई. (चंद्रा ही आग फेकणारी जादूगार आहे. चंद्राला शीतल मानणाऱ्या परंपरेत वाढलेल्यांनी याकडे कानाडोळा करावा.) याच संचात एका यंत्राचा पत्ता होता, 'पॅनहार्मोनिकॉन'. त्यावरील मजकुराचा आशय असा : एखादे यंत्र किंवा प्राणी रणांगणात दाखल झाल्यामुळे तुमच्या पत्त्याची एखादी क्षमता जागी होत असेल, तर ती आणखी एकदा जागी होते. या एका वाक्यामागे २३ वर्षांची नियमरचना उभी आहे.

त्या वाक्याचे वेगळेपण कळण्यासाठी आधी ज्या पत्त्यावर एक अक्षरही नसते त्या पत्त्याकडे जावे लागते, म्हणजेच सावंतवाडीला. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून कोकणात जाणारी गाडी सावंतवाडी रोडला सोडते. तेथील गंजिफा वाटोळी असते. चिंचोक्याच्या खळीने घट्ट केलेला थर, त्यावर लाखेचा लेप आणि चितारी कारागिरांच्या कुंचल्यातून उतरलेले अवतार. दशावतारी संचात १० अवतारांचे १० रंग आणि प्रत्येक रंगाचे १२ पत्ते असतात, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२०. गंजिफा हा शब्द फारसी वळणाचा आहे. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते, आणि अकबराच्या १२ रंगांच्या खेळाचे वर्णन अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त केले आहे. दरबारी मुघल खेळाचा दख्खनेत दशावतारी खेळ झाला, हे रूपांतर स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

येथे महत्त्वाची गोष्ट निराळी. या खेळात डाव दिवसा मांडला तर पहिली उतारी रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची, आणि रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. दहापैकी निम्म्या रंगांत आकड्यांचा क्रमही उलटा असतो : तेथे एक्का दश्शीला मारतो. यातले काहीही पत्त्यावर लिहिलेले नसते. सूर्य मावळला की रामाच्या राजाचा मान कृष्णाच्या राजाकडे जातो, हे खेळणाऱ्याला ठाऊक असावे लागते. पत्ता मुका असतो आणि नियम माणसांच्या स्मरणात नांदतो. शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली म्हणून पत्ते टिकले, अलीकडे त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. मात्र आज ही गंजिफा बहुतेक घरांत चौकटीत घालून भिंतीवर लावलेली दिसते. कारागिरी वाचवता आली, पण डाव मांडणाऱ्यांबरोबर नियमही विरत गेले. सगळे नियम स्मरणात ठेवणाऱ्या खेळाला हा धोका नेहमीच असतो.

ऑगस्ट १९९३ मध्ये आलेल्या 'मॅजिक'ने याच्या अगदी उलट वाट धरली. रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ होता. त्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून त्याने गणितात डॉक्टरेट मिळवली. पीटर अ‍ॅडकिसनच्या 'विझर्ड्‌स ऑफ द कोस्ट' या छोट्या कंपनीला संमेलनांच्या रांगेत, दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळात खेळता येईल असा सुटसुटीत खेळ हवा होता. गारफील्डने जो खेळ दिला त्यात प्रत्येक पत्ता स्वतःचा नियम अंगावर लिहून येतो, आणि तो नियम मूळ नियमांपेक्षा वरचढ ठरतो. खेळाडू स्वतःचा कॅट स्वतः जुळवतो, त्यामुळे समोरच्याकडे कोणते नियम आहेत हे डाव सुरू होईपर्यंत कळत नाही. अशा खेळात दोन पत्त्यांची वाक्ये एकमेकांवर आदळली तर काय करायचे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला.

दुप्पट करण्याची हौसही पहिल्याच संचात होती. 'फोर्क' नावाचा पत्ता दुसऱ्याच्या मंत्राची नक्कल करून देई. फक्त ती नक्कल लाल रंगाची होई. पण मंत्र म्हणजे हातातून खाली टाकलेला पत्ता. तो डोळ्यांना दिसतो, बोटाने दाखवता येतो. आधीच रणांगणात बसलेल्या पत्त्याची जी क्षमता एखादी घटना घडताच आपोआप जागी होते, तिची नक्कल कशाची करणार? खेळाडू तिला 'ट्रिगर' म्हणतात. आरंभीच्या नियमांत अशा क्षमतेला मंत्रासारखे स्वतंत्र आणि ठाम स्थान नव्हते. काही कृती 'इंटरप्ट' म्हणून मध्येच घुसत, काही एकगठ्ठा निकालात निघत, आणि कशाचा क्रम कधी लागतो यावर अनुभवी खेळाडूही वाद घालत.

हा गोंधळ एप्रिल १९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर आलेल्या 'स्टॅक'ने मिटवला. मुंबईकराला स्टॅक शिकवावा लागत नाही. सकाळी भरलेल्या लोकलमध्ये ठाण्याला चढलेला आत दाबला जातो, घाटकोपरला चढलेला दारात लटकतो, आणि कुर्ल्याला दारातला आधी उतरतो, आतला नंतर. शेवटी आला तो प्रथम सुटला. मंत्र असो की क्षमता, प्रत्येकाने या एकाच रांगेत चढायचे आणि वरून एकेक उतरायचे. या सुधारणेवर तेव्हा बरीच नाराजी झाली. खेळ सोपा करून त्याचा आत्मा घालवला, अशी जुन्या खेळाडूंची तक्रार होती. तिचा खरा परिणाम मात्र पुढे दिसला. क्षमता ही आता ज्या पत्त्यातून ती निघाली त्याच्यापासून सुटी झालेली वस्तू ठरली. ती एकदा जागी होऊन स्टॅकवर चढली की मूळ पत्ता नष्ट झाला तरी ती आपले काम पुरे करते.

आणि जी वस्तू आहे तिच्यावर नेम धरता येतो. २००३ मध्ये 'स्टायफल' आला : एका निळ्या मॅनात समोरच्याची जागी झालेली क्षमता तिथल्या तिथे रद्द. २००७ च्या 'लॉरविन' संचातल्या 'रिंग्ज ऑफ ब्राइटहार्थ'ने खेळाडू स्वतःहून वापरतो त्या क्षमतांची नक्कल शक्य केली. आपोआप जाग्या होणाऱ्या क्षमतांची पाळी त्यानंतर सहा वर्षांनी आली : जुलै २०१३ मधले 'स्ट्रायॉनिक रेझोनेटर'. दोन मॅना द्या, यंत्र आडवे करा, आणि स्टॅकवरील आपल्या एका ट्रिगरची प्रत करा.

'रेझोनेटर' आणि 'पॅनहार्मोनिकॉन' एकच काम करतात असे नवख्याला वाटते. तसे नाही, आणि हा भेद कुर्ला पश्चिमेच्या स्टेशनाबाहेर चांगला उमजतो. गाडी फलाटाला लागली की वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणाऱ्या शेअर रिक्षांच्या रांगेतून एक रिक्षा सुटते, असे समजा. रेझोनेटर त्या सुटलेल्या रिक्षेची हुबेहूब प्रत करतो : प्रवासी तेच, ठरलेला व्यवहार तोच, उतरण्याचे ठिकाण तेवढे बदलता येते. पॅनहार्मोनिकॉन रिक्षेला हातच लावत नाही. तो म्हणतो, गाडी आली तेव्हा रांगेला दोनदा इशारा मिळाला. दुसरी रिक्षा नव्याने निघते. कोण बसणार, कुठे जाणार, सगळे नव्याने ठरते. पहिल्यात परिणामाची नक्कल आहे, दुसऱ्यात घटनेच्या फळाचीच पुनरावृत्ती. शिवाय रेझोनेटरला दर वेळी किंमत मोजावी लागते. चार मॅनांचे पॅनहार्मोनिकॉन एकदा बसले की फुकट चालू राहते.

हिशेबाची एक गंमत. त्याच संचातला 'क्लाउडब्लेझर' रणांगणात उतरला की दोन प्राण वाढतात आणि दोन पत्ते ओढायला मिळतात. पॅनहार्मोनिकॉन असेल तर चार आणि चार. दोन पॅनहार्मोनिकॉन असतील तर? बहुतेक जण आठ म्हणतात. उत्तर सहा आहे. प्रत्येक यंत्र 'आणखी एकदा' एवढेच सांगते, 'दुप्पट' म्हणत नाही. म्हणून एक अधिक एक अधिक एक. नियम लिहिणाऱ्याने तो एक शब्द जपून निवडला आहे.

यंत्राचे नाव मात्र कल्पित नाही. योहान मेल्झेल या जर्मन यंत्रकाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी 'पॅनहार्मोनिकॉन' बनवले होते. फिरत्या नळकांड्यावरील खिळ्यांमुळे त्यातली वाद्ये आपोआप वाजत आणि वाद्यवृंदाचा भास होई. १८१३ मध्ये बेथोव्हेनने वेलिंग्टनच्या विजयावरील रचना आधी याच यंत्रासाठी हाती घेतली होती.

एका निमित्ताला किती परिणाम, हा प्रश्न मात्र या खेळाहून फार जुना आहे. यज्ञ चालू असताना भांडे फुटले तर अमुक होम करावा, अशी विधाने वैदिक वाङ्मयात आहेत. जैमिनीय मीमांसेने त्यावर विचारले : भांडे पुन्हा फुटले तर होम पुन्हा करायचा की एकदा केलेला पुरे? उत्तर असे की निमित्ताची आवृत्ती झाली तर नैमित्तिकाचीही होते. याउलट एकदाच केलेले अंग अनेक प्रधान कर्मांना पुरते, त्याला 'तंत्र' म्हणतात, आणि त्यासाठी मीमांसेचा अकरावा अध्याय खर्ची पडला आहे. वकिली केलेल्या पां. वा. काण्यांनी 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'च्या पाचव्या खंडात या मीमांसानियमांचा विस्ताराने परामर्श घेतला, यात नवल नाही. वाक्याचा अर्थ लावण्याचे हे शास्त्र न्यायालयातही लागते. गारफील्डने जैमिनी वाचला होता असे कोणी म्हणू नये. पण विधिवाक्यांचा ढीग वाढला की तेच प्रश्न पुन्हा उगवतात. आणि पॅनहार्मोनिकॉन मीमांसकाला पटले नसते : भांडे एकदाच फुटले असताना दुसरा होम कोणत्या निमित्ताने?

खेळाच्या कर्त्यांना मात्र ही युक्ती इतकी रुचली की पुढे ती वाटली गेली. २०१९ च्या जानेवारीत 'टेसा कार्लोव्ह'ने मृत्यूचे ट्रिगर वाढवले, त्याच वर्षी 'यारोक'ने आगमनाचे; २०२२ मध्ये 'इशिन'ने हल्ल्याचे. २०२३ ची 'एलेश नॉर्न' सर्वांत आपमतलबी : तिच्या धन्याचे आगमनाचे ट्रिगर एकदा जास्त, समोरच्याचे मुळीच नाहीत.

दरम्यान कलादेशाच्या नावावरच आक्षेप आला. रोमन लिपीत 'कला' आणि 'काला' सारखेच दिसतात. हिंदी कानाला ते नाव 'काळा देश' असेही ऐकू येते. फेब्रुवारी २०२५ च्या 'ईथरड्रिफ्ट' संचात या जगाचे नाव बदलून 'आविष्कार' करण्यात आले. मराठीत मुळात हा घोळ झालाच नसता, कारण आपला 'काळा' 'ळ'ने वेगळा पडतो. नव्या नावाने मात्र मराठी वाचकापुढे दुसरीच गंमत ठेवली. हिंदीत आविष्कार म्हणजे शोध, यंत्रांच्या देशाला शोभेसा. मराठीत आविष्कार म्हणजे प्रकटीकरण, अभिव्यक्ती. नृत्याचा, अभिनयाचा, कलेचा आविष्कार. म्हणजे नाव बदलूनही तो देश मराठीत कलेचाच राहिला.

२०१६ मध्ये छापलेल्या पॅनहार्मोनिकॉनवरचा मजकूरही आता अधिकृत उरलेला नाही. २०२४ मध्ये 'रणांगणात दाखल होणे' या जुन्या शब्दयोजनेतले रणांगण सर्वत्र गाळले गेले आणि नुसते 'दाखल होणे' उरले. ग्राह्य मजकूर कंपनीच्या संगणकीय नोंदीतला. वाद झाला तर पंच हातातला पत्ता वाचत नाही, ती नोंद वाचतो.