पुस्तकांची पेटी आणि आपली मुले

वागळे इस्टेट म्हटले की कारखाने, भोंगे आणि पाळ्या डोळ्यांपुढे येतात. पुस्तकाची आठवण कोणास होत नाही. परंतु ज्या ठाणे शहरात ही वसाहत वसली, त्याचा ग्रंथांशी संबंध फार जुना आहे. १८६६ साली येथून ‘अरुणोदय’ हे वृत्तपत्र निघू लागले. १ जून १८९३ रोजी विनायक लक्ष्मण भावे आणि विष्णु भास्कर पटवर्धन यांनी येथेच मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. मराठी ग्रंथ एके ठिकाणी जमवून जतन करावेत, ही त्यामागील तळमळ. भावे त्या वेळी जेमतेम विशी ओलांडलेले होते. ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा वाङ्मयेतिहास त्यांनी पुढे लिहिला.

ग्रंथ जतन करणे हे मोठेच काम; पण ते मुलांच्या हाती देणे हे निराळे काम आहे. त्याचा धडा बडोद्याने घालून दिला. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९०६ साली आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. शाळा सुटल्यावर वाचावयास काही मिळाले नाही, तर शिकलेली अक्षरे मूल विसरून जाईल, हे त्यांनी ओळखले. म्हणून १९१० साली अमेरिकेहून बोर्डेन नावाचे ग्रंथपाल बोलावून त्यांनी राज्यभर ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी व मुलांसाठी वेगळी सोय केली. आणि जेथे ग्रंथालय नाही, तेथे पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या फिरत्या ठेवल्या.

मुलांनी वाचावे असे साहित्यही याच सुमारास वाढू लागले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपटे यांनी ‘आनंद’ मासिक सुरू केले. १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ मुलांच्या भेटीस येऊ लागले. १९६७ साली महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. मात्र मद्रासच्या १९४८ च्या कायद्याप्रमाणे येथे ग्रंथालय-कर ठेवला नाही. आपली ग्रंथालये सरकारी अनुदान आणि सभासदांची वर्गणी यांवर चालत आली. वर्गणी थोडी असली तरी महिनाअखेरीस ओढाताण असणाऱ्या घरात पुस्तकाचा क्रम शेवटी लागतो, हे आपणा गृहिणींना सांगावयास नको.

१९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. त्याच्या अगदी पहिल्या वसाहतींत वागळे इस्टेटीची गणना होते. कोकणातून, घाटावरून, परप्रांतांतून माणसे कामाला आली आणि किसननगर, श्रीनगर अशा वस्त्यांत राहिली. आई-वडील दोघेही कामावर. मुलाला हात धरून ग्रंथालयात नेणार कोण?

माझ्या लहानपणी शाळेत पुस्तकांचे एक कपाट होते, पण त्याला कायम कुलूप असे. पुस्तके फाटतील, ही भीती. काचेतून नावे वाचून आम्ही परत फिरत असू. पुस्तके शाबूत राहिली. आमची वाचनाची वर्षे मात्र निघून गेली. ग्रंथ वापरासाठी असतात, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला पहिलाच नियम मला फार उशिरा कळला.

बडोद्याच्या पेटीची आठवण करून देणारा उपक्रम आपल्याकडेही झाला आहे. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ साली ‘ग्रंथ तुमच्या दारी’ योजना सुरू केली; पुस्तकांच्या पेट्या वाचकांच्या वस्तीत नेल्या आणि पुढे मुलांसाठीही वेगळ्या पेट्या काढल्या.

भगिनींनो, शंभर वर्षांच्या या हकिकतीतून मला एवढेच दिसते: मूल पुस्तकाकडे येईल म्हणून वाट पाहू नये, पुस्तकच त्याच्याकडे न्यावे. आपल्या मंडळाच्या खोलीत एक उघडे कपाट ठेवावे. वर्गणी नको, अनामत नको. रविवारी तासभर आपल्यापैकी एकीने तेथे बसावे, लहानांना गोष्ट वाचून दाखवावी. मोठ्या मुलामुलींना त्यांच्या आवडीचे निवडू द्यावे. रहस्यकथा घेतली म्हणून कपाळाला आठ्या घालू नयेत. चार पुस्तके हरवतील, दोन फाटतील. हळदीकुंकवाच्या वाणात यंदा एकेक बालपुस्तक दिले, तर तीही भरून निघतील.