शेजारच्या खुर्चीतला पोरगा

१९१४ साल. लंडनचा क्वीन्स हॉल. तुम्ही ओबोच्या दुसऱ्या खुर्चीवर बसलाय. केस पिकलेत, आणि पहिली खुर्ची आपल्याला का मिळाली नाही हे तुम्हाला अजून उमगलेलं नाही. त्या खुर्चीवर बेल्जियन उस्ताद हेन्री द बुशेर बसायचे, ते न्यूयॉर्कला गेले. आता तिथे कोण येऊन बसतंय? लिव्हरपूलचा सतरा वर्षांचा लिऑन गूसेन्स. आजोबा ऑपेराचे कंडक्टर, वडील ऑपेराचे कंडक्टर. तुम्ही मनात म्हणता, वशिला!

पोरगा बोटभर रीड ओठांत धरून भिजवतो. वेताच्या दोन पातळ पात्या, दोऱ्यानं घट्ट आवळलेल्या. ओबो म्हणजे सनईची चुलत बहीणच. मग एक लांब सूर देतो आणि अख्खा वाद्यवृंद त्यावर आपली वाद्यं जुळवतो. कंडक्टर हेन्री वुड छडी उचलतात.

त्याची पहिली ओळ येते आणि तुम्ही चमकता. आपल्याकडे इंग्लंडात ओबो कसा वाजतो? सरळ, कोरडा, किंचित नाकात. याचा सूर मात्र गळ्यातून आल्यासारखा, बारीक आंदोलन घेत पुढे सरकतो. मागून कुणीतरी कुजबुजत टोमणा मारतं. असे टोमणे त्याला पुढे कितीतरी वर्षं खायचेत. तुमचेही ओठ वाकडे होतात, पण कान तिकडेच.

ओळ संपते. पोरगा आधी श्वास सोडतो, मग घेतो. ओबोवाल्याची हीच तर गोची. रीडच्या फटीतून हवा जातेच केवढीशी! दम पुरत नाही असं नाही, तो छातीत साचून राहतो. जुनी हवा बाहेर टाकल्याशिवाय नवी घेता येत नाही. हे तुम्ही तीस वर्षं करताय. हा ते इतक्या अलगद करतो की सूर कुठे तुटला ते कळत नाही.

तुम्ही त्याच्या कोटाकडे पाहता. बाहेर जर्मनीशी युद्ध जुंपलंय आणि पुढचं त्याला ठाऊक नाही, तुम्हाला आहे. थोरला भाऊ यूजीन त्याला चांदीची सिगारेटची डबी देईल. आघाडीवर त्याच्या छातीवर आलेली गोळी त्या डबीवर आदळेल. तो जखमी होईल, पण वाचेल.

दुसरा भाऊ अडॉल्फ हॉर्न वाजवतो. तो १९१६ साली सोमच्या लढाईत मारला जाईल.