कीचक, कर्झन आणि सरकारी समीक्षक

दहावीच्या मराठीच्या पेपरात एक हमखास प्रश्न असायचा, 'या पात्रातून लेखकाला काय सुचवायचे आहे?' आम्ही गाईडमधलं उत्तर पाठ करायचो, मार्क घ्यायचो आणि विसरून जायचो. परवा शुक्रवारी ऑफिसात जेवताना हाच विषय निघाला. टीममधला एक मित्र म्हणाला, "अरे, लेखकाच्या डोक्यात एवढं काही नसतं रे. मास्तर लोक मागाहून चिकटवतात." मी त्याला 'कीचकवधा'ची गोष्ट सांगायला घेतली, पण दोन वाजता कॉल होता, त्यामुळे ती अर्धीच राहिली. उरलेली इथे लिहितोय.

'कीचकवध' हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं १९०७ सालचं गद्य नाटक. आपल्याला खाडिलकर म्हटलं की 'मानापमान' आणि 'स्वयंवर' आठवतात, म्हणजे खरं तर त्यातली पदं आठवतात. पण त्याआधीचे खाडिलकर म्हणजे टिळकांच्या 'केसरी'तले खाडिलकर. दिवसा अग्रलेख लिहिणारा माणूस रात्री नाटक लिहीत होता. महाराष्ट्र नाटक मंडळीनं ते रंगभूमीवर आणलं आणि ते तुफान चाललं.

गोष्ट विराटपर्वातली. पांडव अज्ञातवासात विराट राजाच्या पदरी राहिलेत. युधिष्ठिर 'कंक' या नावानं राजाशी फासे खेळतो, भीम 'बल्लव' होऊन मुदपाकखाना सांभाळतो आणि द्रौपदी राणी सुदेष्णेची दासी 'सैरंध्री' झालीय. राणीचा भाऊ कीचक हा सेनापती. नावाला राजा विराट, पण सत्ता याची. त्याची नजर सैरंध्रीवर पडते. ती नकार देते, तो भर दरबारात तिला लाथ मारतो, आणि राजा काही करत नाही. युधिष्ठिर म्हणतो, सहन कर. शेवटी भीम कीचकाला मारतो. झालं. शाळेतल्या पोरालाही माहीत असलेली गोष्ट.

आता १९०७ चं थिएटर डोळ्यांपुढे आणा. दोनच वर्षांपूर्वी, १६ ऑक्टोबर १९०५ ला बंगालची फाळणी अमलात आलीय. ती करणारा व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. देशभर स्वदेशी आणि बहिष्कार चालू आहे. काँग्रेसमध्ये मवाळ म्हणतात अर्ज-विनंत्या करू, जहाल म्हणतात त्यानं काही होणार नाही. (त्याच वर्षी डिसेंबरात सुरतेला काँग्रेस फुटली.) अशा वेळी रंगमंचावर एक माजलेला सत्ताधीश परक्याच्या स्त्रीला 'तू दासी आहेस' म्हणतो, एक जण 'जरा दमानं' म्हणतो आणि दुसरा मुठी आवळतो. नाटकाचा लेखक 'केसरी'चा माणूस आहे हे प्रेक्षकांना पक्कं माहीत आहे. कोण कोणाच्या जागी आहे हे सांगायला गाईड लागत नव्हतं.

तरीही एक गाईड निघालं, आणि ते लिहिलं एका इंग्रजानं! 'लंडन टाइम्स'चा व्हॅलेंटाइन चिरोल, ज्यानं टिळकांना 'भारतीय असंतोषाचे जनक' ठरवलं तोच, आणि ज्याच्यावर टिळकांनी लंडनच्या कोर्टात खटला भरला आणि १९१९ मध्ये हरले तोच. त्याच्या १९१० च्या 'इंडियन अनरेस्ट' या पुस्तकात 'कीचकवधा'चं सविस्तर विवरण आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा उडालोच. कीचक म्हणजे कर्झन, द्रौपदी म्हणजे भारत, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल. दुबळा विराट म्हणजे कर्झनला मोकळीक देणारं विलायतेतलं सरकार. कीचकाचे भाऊबंद म्हणजे इथले गोरे लोक, आणि त्यांचं पुढे काय होतं ते महाभारतात आहेच. पुस्तकात हेही कबूल केलंय की कर्झनचं नाव रंगमंचावर एकदाही येत नाही, छापील प्रतीतही नाही. पण थिएटरातल्या प्रत्येकाला ते ठाऊक असतं. पुढे प्रेक्षकांच्या चेहऱ्यांचं वर्णन आहे, पुरुषांच्या कपाळावरच्या आठ्या, बायकांचे चमकणारे डोळे, आणि कीचक मेल्यावर सगळ्या थिएटरातून उठणारा समाधानाचा हुंकार.

मला विचाराल तर मराठी नाटकाच्या प्रेक्षकांचं इतकं बारकाईनं केलेलं निरीक्षण त्या काळात आपल्याही लोकांनी फारसं केलं नसेल. शत्रू मन लावून वाचतो, हे मात्र खरं.

यात एक गंमत बघा. १९०७ मध्ये कर्झन इथे नव्हताच. किचनरशी भांडून राजीनामा दिला आणि १९०५ च्या नोव्हेंबरात तो मायदेशी गेला. म्हणजे लोक रोज रात्री ज्याला मारत होते तो विलायतेत सुखरूप होता. मग सरकारला एवढी मिरची का लागली? कारण अर्थातच माणूस कर्झन हा मुद्दा नव्हता. कीचकाची ती खुर्ची होती, आणि तिच्यावर कोणीतरी बसलेलंच होतं.

सरकार असं प्रतीकवाचन पहिल्यांदाच करत होतं असंही नाही. १८९७ च्या जूनमध्ये 'केसरी'त शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेले उद्गार छापून आले, आणि आठवड्याभरात पुण्यात रँडचा खून झाला. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. सतराव्या शतकातल्या राजाच्या तोंडचे शब्द एकोणिसाव्या शतकातल्या सरकारबद्दल आहेत की नाहीत, यावर मुंबई हायकोर्टात वाद झाला आणि टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. आमच्या पेपरात उत्तर चुकलं तर चार मार्क जायचे, इथे अठरा महिने गेले.

मग १९०९ चा डिसेंबर. २१ तारखेला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. त्या रात्री नाटक होतं 'शारदा', म्हाताऱ्याशी लावून दिल्या जाणाऱ्या मुलीचं. राजकारणाशी काडीचा संबंध नाही. पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९१० मध्ये, 'कीचकवधा'वर बंदी आली. कायदा हाताशी होताच, १८७६ चा नाट्यप्रयोगांचा कायदा, तोही कलकत्त्यातल्या नाटकांना भिऊन केलेला.

इथे मला सरकारची कीव येते. बंदी घालायची तर आधी हे मान्य करावं लागतं की हे नाटक आमच्याबद्दल आहे. खाडिलकर म्हणू शकत होते, मी महाभारतातली गोष्ट लिहिली, तुम्हाला कीचकात तुमचा व्हाइसरॉय दिसला तर मी काय करू? आमच्याकडे एखादा बग रिपोर्ट आला की 'हे माझ्या मॉड्यूलचं नाही' असं जो सगळ्यात आधी ओरडतो त्याच्याकडेच सगळे वळून बघतात, तसं काहीसं. :-)

म्हणजे मित्राचा मुद्दा निकाली. लेखकाच्या डोक्यात होतं, प्रेक्षकांच्या होतं आणि सरकारच्याही होतं. मीही बरेच दिवस इथेच थांबलो होतो. पण मागच्या पावसाळ्यात विराटपर्व भाषांतरात नीट वाचून काढलं आणि माझीच पंचाईत झाली. ती कोष्टकात बसेना. 'ती' म्हणजे द्रौपदी.

'द्रौपदी = भारत' असं लिहिलं की ती फक्त अपमान सोसणारी आणि सुटकेची वाट बघणारी होते. मूळ कथेतली बाई तशी नाही. दरबारात लाथ खाल्ल्यावर ती भर सभेत राजाला त्याचा धर्म विचारते. त्यावर युधिष्ठिर तिला काय म्हणतो? नटीसारखी रडून राजाच्या फाशांच्या खेळात व्यत्यय आणू नकोस! (नाटकाच्या लेखात हे वाक्य आठवलं की कसंतरीच होतं.) त्या रात्री कोणाकडे जायचं हे तीच ठरवते. अर्जुनाकडे नाही, युधिष्ठिराकडे तर नाहीच. मुदपाकखान्यात जाऊन भीमाला उठवते आणि चंदन उगाळून घट्टे पडलेले हात त्याला दाखवते. तो ते हात चेहऱ्याशी धरून रडतो. कीचकाला नर्तनशाळेत बोलावण्याचं काम ती करते. आणि तो मेल्यावर गुपचूप निघून जात नाही, पहारेकऱ्यांना हाका मारून सांगते, या, बघा, माझ्या गंधर्व नवऱ्यांनी याचं काय केलंय. अज्ञातवास मोडण्याचा धोका पत्करून.

आणि यापुढचा भाग तर आपण गोष्ट सांगताना बहुतेक वेळा गाळतोच. कीचकाचे भाऊबंद तिला त्याच्या प्रेताबरोबर जाळायला नेतात. भीम त्या एकशे पाच जणांना मारतो. ती नगरात परत येते, तर लोक तिला बघून पळतात, डोळे मिटून घेतात. राजा सुदेष्णेकरवी निरोप देतो, तू इथून जा, आम्हाला तुझी भीती वाटते. जिच्यावर अन्याय झाला तिलाच गाव सोडायला सांगतात.

चिरोलच्या पुस्तकातलं कोष्टक उपकीचकांपर्यंत येतं, कारण तिथे गोऱ्यांच्या जिवाचा प्रश्न होता. परतलेल्या बाईकडे त्यात कोणी बघत नाही. आपणही 'कीचक म्हणजे कर्झन' एवढं सांगून टाळ्या घेतो आणि पुढे जातो. १९०७ च्या प्रेक्षकांना मी नावं ठेवणार नाही, त्यांना तेव्हा जे हवं होतं ते खाडिलकरांनी दिलं, आणि त्याची किंमतही मोजली. पण त्या चमकणाऱ्या डोळ्यांच्या बायका भारतासाठीच भारावल्या होत्या, की भर सभेत 'तमाशा करू नकोस' ऐकलेल्या बाईसाठी? पुस्तक लिहिणाऱ्यानं त्यांना विचारलं नाही. आपल्याकडच्याही कोणी विचारलं असेल असं वाटत नाही.

असो. सुदेष्णेचा निरोप ऐकून सैरंध्री एवढंच म्हणते, मला अजून तेरा दिवस राहू द्या. ती दिवस मोजत होती, अज्ञातवासाचे तेवढेच उरले होते. बाकीची गोष्ट सोमवारी मित्राला सांगायची आहे. दोनचा कॉल पुढे ढकलता येतो का बघतो.